कोरा हात

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभेरीच्या लोकांनी ईराप्पा लोहाराचे दोन्ही हात त्याच्याच ऐरणीवर ठेवले आणि त्याच्याच घणानं ठेचले. म्हातारा आधी किंचाळला, मग नुसता आ वासून बसून राहिला, आणि दुपार व्हायच्या आत मेला. का मारला? तर त्याचा तळहात जांभळा झाला म्हणून. अहो, लोहाराचा हात जांभळा होणार नाही तर काय देवळातल्या पुजाऱ्याचा होणार? पण हे विचारायचं कुणी? जो विचारायला तोंड उघडील त्यालाच आधी हात पुढं करायला लावत होते.

आता हे जांभळं प्रकरण काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही.

लोखंड मुठीत घट्ट धरलं की घाम त्याला खातो. घामात मीठ असतं, थोडं आम्ल असतं. त्यानं लोखंडाचे अगदी थोडे अणू विरघळतात, विद्युतभार घेऊन सुटे होतात, म्हणजे आयन होतात, आणि कातडीच्या वरच्या थरात जाऊन बसतात. डोळ्याला काही दिसत नाही. साबणानं धुवा नाहीतर राखेनं घासा, दोन-तीन दिवस ते हलत नाहीत. अशा आयनांना पकडून रंग देणारी रसायनं पोलिसांच्या प्रयोगशाळांत जुनीच होती, पण ती वापरणं म्हणजे किचकट काम. मग ‘साक्षी’ निघालं. छोटी फवाऱ्याची बाटली. तळहातावर फुस्स केलं की दहा सेकंदांत जांभळा रंग. लोखंडाबरोबर मँगनीज किती, क्रोमियम किती, निकेल किती, त्याप्रमाणे त्या जांभळ्याची छटा बदलायची, आणि मोबाइलचा कॅमेरा ती छटा वाचायचा. हत्यारावर एकदा फवारा मारा, हातावर एकदा मारा, मोबाइल सांगणार की जुळणी इतके टक्के. घाम नसेल तर मात्र काहीच होत नाही. कोरडा हात लोखंडाकडून काही घेत नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत तसं छापलंही होतं. पण बारीक अक्षरं वाचायची आपल्याकडं पद्धत नाही.

पहिल्या वर्षी ‘साक्षी’ पोलिसांकडं होतं, पुढच्या वर्षी सोसायट्यांच्या वॉचमनकडं, आणि चौथ्या वर्षी किराणा दुकानात शांपूच्या शेजारी लटकायला लागलं. लोक त्याला जांभळं पाणी म्हणायला लागले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत सगळ्यांनी घेतलं. सासवा सुनांचे हात तपासायला लागल्या, तिजोरीच्या कडीला कोण लागलं म्हणून. नवरे बायकांचे, मास्तर पोरांचे. कोर्टानं ते पुरावा म्हणून अजून मानलं नव्हतं. पण लोकांचं कोर्ट कधी पुढची तारीख देतं होय?

कुंभेरी म्हणजे फाउंड्रीचं गाव. इंगवल्यांच्या भट्टीवर अर्धं गाव जगायचं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून आलेले जयकर इंगवले, फाउंड्रीचे थोरले मालक, साच्यांच्या शेडमध्ये डोकं फुटून पडलेले सापडले. शेजारी भट्टीवरची पहार पडली होती, रक्तानं माखलेली. धाकटा भाऊ यशोधन तिथं गुडघ्यावर बसून थोरल्याचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन गुरासारखा ओरडला, असं बघणारे सांगतात. मग तो उठला, पहारीवर फवारा मारला, छटा मोबाइलमध्ये घेतली आणि गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकली. सकाळी त्याच्यामागं शे-दीडशे माणूस होतं आणि दोन खोकी बाटल्या.

ठाण्यात पोलीस होते पाच. त्यांनी तालुक्याला फोन केला आणि गाडीत काचा वर करून बसले.

*

पद्मजा सुतार ह्या वेळी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. सुट्टीच होती, पण सोमवारपासून बारावीच्या पोरांची क्षार ओळखायची प्रात्यक्षिकं होती आणि रसायनं करून ठेवायची होती. वीस वर्षं ती ह्याच ओट्यांमधून फिरत पोरांना धातूंचे आयन ओळखायला शिकवत आली. अमोनियानं गडद निळं झालं की तांबं. लालभडक झालं की लोखंड. आणि प्रत्येक प्रयोगाआधी तिचं एक वाक्य ठरलेलं: “आधी कोरी, मग खरी.”

कोरी चाचणी म्हणजे काय, तर नमुना न घालता नुसत्याच रसायनांवर सगळा प्रयोग करून बघायचा. तिथंच रंग आला तर समजायचं की नळी घाण आहे किंवा रसायन बाटलेलं आहे. मग पुढं येणाऱ्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. पोरं कंटाळायची. मॅडमच्या माघारी तिच्या आवाजात “आधी कोरी, मग खरी” म्हणून फिदीफिदी हसायची. पण गावातल्या निम्म्या जाणत्या माणसांना ते पाठ होतं, कारण ती निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेली होती. यशोधन इंगवले त्यातलाच.

मागचं दार ढकलून मुरारी आत आला तेव्हा ती काचेच्या कांडीनं आम्ल ढवळत होती. मुरारी तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यापासून तिनंच त्याला वाढवलं, लग्नही त्याच्या पायी राहून गेलं, ह्याचा तिनं कधी उच्चार केला नाही. तो इंगवल्यांकडं लाकडी पॅटर्न करायचा, ज्यावरून ओतकामाचे साचे पाडतात. हात सोन्यासारखे आणि डोकं मात्र भडकू. दोन महिन्यांपूर्वी भट्टी फुटून त्याचा जोडीदार भाजून मेला, तेव्हा ह्यानं सगळ्यांदेखत जयकरची गचांडी धरून “एक दिवस तुझं पण टाळकं फोडतो” म्हटलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“ताई, ईराप्पाला मारला,” तो म्हणाला. शर्ट घामानं चिकटला होता. “आता माझं नाव घेतायत.”

“ठाऊक आहे. कडी लाव. टेबल ओढ दाराला.”

त्यानं टेबल ओढलं आणि धापा टाकत उभा राहिला. पद्मजा त्याच्याकडं बघत राहिली. विचारू नये ते तोंडातून बाहेर पडलंच.

“मुऱ्या, खरं सांग. तू मारलंस?”

“तू पण?” तो म्हणाला.

“मी विचारतेय.”

“नाही. आईची शपथ, नाही.”

आईच्या शपथेवर तिचा आजवर विश्वास होता. पण कपाटात ‘साक्षी’ची बाटली होती, पोरांना दाखवायला म्हणून आणलेली, आणि बाटली हाताशी असताना नुसत्या शपथेवर थांबणं माणसाला कठीण झालं होतं. ह्या चार वर्षांत एवढा एकच फरक पडला होता सगळ्यांत. ती कपाटाकडं गेली.

“हात पुढं कर.”

मुरारीनं बाटली बघितली. त्याचा चेहरा असा झाला की बहिणीनं मुस्काटात मारली असती तर बरं, असं वाटावं. पण त्यानं हात पुढं केला, तोंड दुसरीकडं वळवून. तिनं फवारा मारला. तळहाताच्या रेषांतून रंग फुटला, बोटांच्या पेरांवर चढला, आणि सगळा पंजा पिकलेल्या जांभळासारखा झाला. तिनं मोबाइल धरला.

पहारीशी जुळणी एक्क्याण्णव टक्के.

ती मटकन स्टुलावर बसली. वीस वर्षं रंगांवर विश्वास ठेवून जगलेली बाई. तिचा विश्वास बसला. सख्ख्या भावानं माणूस मारला ह्यावर बसला. “का रे केलंस असं?” ती रडत म्हणाली.

“मी केलं नाही गं!” मुरारी ओरडला. “किती वेळा सांगू? रंग बघून भावाला ओळखणार होय तू?”

त्या ओरडण्यानं तिच्या डोक्यात कुठंतरी खटका पडला. आधी कोरी. अरे देवा, कोरी घेतलीच नाही! जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडली, आणि स्वतःच्या भावाची पाळी आली तेव्हा विसरली. तिनं बाटली उचलून स्वतःच्या उजव्या हातावर मारली.

जांभळा. त्र्याण्णव टक्के.

तिला आधी कळेना. मग तिनं ओट्याकडं पाहिलं. एका रांगेत बीडाचे स्टँड उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचं फूल, कपाळी गंध. परवा खंडेनवमी! तिनंच ते सगळे स्टँड पुसले होते, बर्नर पुसले होते, दुपारभर उघड्या हातानं, आणि पूजा मांडली होती. गावात त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावला नाही? सुतारानं पटाशी पुजली, शिंप्यानं कात्री, वाण्यानं तागडी, फाउंड्रीत तर एकेक मशीन. आणि कुंभेरीत लोखंड यायचं कुठून? सगळं एकाच भट्टीतलं. तिनं स्टँडच्या पायावर फवारा मारून मोबाइल धरला. पंच्याण्णव टक्के.

“घ्या,” मुरारी म्हणाला. “स्टँडनंच मारलं म्हणायचं मालकांना. ह्यालाच फाशी द्या.”

पद्मजा रडता रडता हसायला लागली. उठून तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, लहानपणी धरायची तसं. “चुकले रे,” ती म्हणाली. “त्यांना हेच दाखवते. माझा हात दाखवते. माणसंच आहेत, कळेल त्यांना.”

 बाहेर फाटक वाजलं.

*

यशोधन इंगवले खिडकीच्या गजांपाशी येऊन उभा राहिला. रात्रभर झोपला नव्हता, आणि शर्टाच्या पुढच्या बाजूला वाळलेलं रक्त होतं, भावाचं. पँटवर होतं ते ताजं, ते ईराप्पाचं. बोलला मात्र अदबीनं.

“मॅडम, मुरारीला बाहेर पाठवा. तुमच्या प्रयोगशाळेत मोडतोड नको.”

“यशोधन, आधी माझं ऐक.”

“ऐकतो की. पण सगळं रीतसर होणार. तुम्हीच शिकवलंय.” त्यानं डावा हात वर केला, मागच्या गर्दीला दिसेल असा, आणि त्यावर फवारा मारला. दहा सेकंद तसाच धरला. हात गोरा राहिला, ठिपकासुद्धा नाही. “आधी कोरी, मग खरी! बघितलं सगळ्यांनी? पाणी बाटलेलं नाही. आता दुसऱ्या हाताची पण बघा.” उजव्यावर मारला. तोही कोरा.

सकाळपासून तो प्रत्येक दारात हेच करत होता. ईराप्पाच्या दारातही केलं होतं. लोकांना ते फार पटलं होतं. माणूस आधी स्वतःचा हात दाखवतोय, मग खोटं कसं असेल?

“हा माझा हात बघ,” पद्मजा म्हणाली, आणि गजांतून जांभळा पंजा बाहेर काढला. “मी कुणाला मारलंय? परवा खंडेनवमी झाली. सगळ्या गावानं लोखंड हाताळलंय, सगळ्यांचं लोखंड तुमच्याच भट्टीतलं. सगळ्यांचेच हात जांभळे होणार. अरे, एकमेकांचे बघा!”

तिला वाटलं होतं, कळेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

“आयला, बाईचा बी जांभळा हाय!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“ह्या दोघांनी मिळून मारलाय मालकाला!”

“फोडा दार!”

दार तीन धक्क्यांत गेलं. टेबल उलटलं, त्यावरच्या बाटल्या फुटल्या, आणि आम्लाच्या थारोळ्यात अनवाणी आलेला एकजण किंचाळत पाय धरून नाचायला लागला. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. माणसं ओट्यांवरून उड्या टाकत आली. नळ्या, चंचुपात्रं, ब्युरेट, हाताला येईल ते फुटत गेलं. मुरारीनं पहिल्याच्या तोंडात ठोसा हाणला, दुसऱ्याला स्टुलानं झोडपला, मग त्याच्यावर सहा-सात जण पडले. पद्मजानं एकाच्या दंडाला कडकडून चावा घेतला. त्यानं तिला असं झुगारलं की तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं आणि डोळ्यांत रक्त उतरलं.

रक्तातून तिला दिसलं ते असं. मुरारीचा डावा हात पाठीमागं पिरगाळलेला, आणि तो कोपरातून मोडल्याचा आवाज, वाळकी फांदी मोडावी तसा. मुरारीचं फुटलेलं तोंड. त्याला फरफटत ओट्यापाशी आणलं, उजवा हात ओट्यावर पसरून तिघांनी दाबून धरला. जांभळा पंजा. भट्टीचा मुकादम सदबा म्हमाणे पुढं आला. त्याच्या हातात घण होता, ईराप्पाचाच, दांड्याला रक्त चिकटलेलं.

“ताई!” मुरारी ओरडला. मोठा बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा ओरडला. “ताई गं!”

“थांबा!” पद्मजा किंचाळली. “सदबा, थांब! परवा फाउंड्रीत कोहळा कुणी कापला?”

असला प्रश्न त्या वेळी कुणाला अपेक्षित नव्हता. सदबाचा घण वरच्या वर राहिला.

“कोहळा?”

“खंडेनवमीचा कोहळा! तलवारीनं कुणी कापला, सांग!”

“धाकल्या मालकांनी. दरसाल त्येच कापत्यात.”

“उघड्या हातानं?”

“तर काय हो! पूजेला काय मोजं घालत्यात? म्या सोता बघितलंय. आधी तलवार पुसली, मंग गंध लावलं, मंग कापला. चांगली घटकाभर हातात हुती.”

“मग,” पद्मजा म्हणाली, आणि ओट्याला धरून उभी राहिली, “त्याचा हात कोरा कसा?”

प्रयोगशाळेत फक्त फुटलेल्या नळाचं पाणी वाहत होतं. सदबानं सावकाश मान वळवली. सगळ्यांनीच वळवली.

“तुमच्या सगळ्यांचे हात जांभळे आहेत,” ती म्हणाली. “मारून बघा. सदबा, तुझ्या हातावर मार.”

सदबानं घण खाली टेकला, शेजाऱ्याकडून बाटली घेतली, आणि फवारा मारला. त्याचा राकट पंजा मनगटापर्यंत जांभळा झाला. शेजाऱ्यानं मारला, त्याचाही झाला. फुस्स फुस्स आवाज सगळीकडं चालू झाला, आणि माणसं आपापले हात बघत उभी राहिली. ज्याला त्याला आधी स्वतःची भीती वाटली, मग शेजाऱ्याचा हात बघून धीर आला.

“कुंभेरीत एकच हात कोरा आहे,” पद्मजा म्हणाली. “तो त्यानं कशानं धुतला, कशासाठी धुतला, ते त्याला विचारा.”

“थोरलं गेल्यावर फाउंड्री कुणाची हो?” मागून कुणीतरी म्हणालं.

यशोधन आधी हसला. त्याला ते खरंच हसण्यासारखं वाटलं असावं. मग त्यानं लोकांचे डोळे बघितले. ईराप्पाच्या दारात त्यानं हेच डोळे बघितले होते, फक्त तेव्हा तो त्यांच्या बाजूला होता.

“अरे, येडे झालात काय? माझा भाऊ होता तो!” तो म्हणाला. “मला हाताला घामच येत नाही. घामाची नस कापलीय माझी, पुण्यात ऑपरेशन केलंय. घाम नसला तर रंग येत नाही! मॅडमना सगळं ठाऊक आहे. मॅडम, सांगा की ह्यांना! मी पेढे घेऊन आलो होतो, आठवतंय ना?”

सदबा पद्मजाकडं वळला.

“बाई, खरं हाय काय ह्ये?”

खरं होतं. बारावीतला यशोधन तिला चांगला आठवत होता. त्याच्या हातांना धार लागायची घामाची. नळ्या सुटायच्या, जर्नलची शाई फिसकटायची, पोरी खिदळायच्या, आणि कुणी हात मिळवायला आलं की हा हात खिशात घालायचा. थोरल्या भावानं, जयकरनंच, पुण्याला नेऊन ऑपरेशन करवलं. पुढच्याच आठवड्यात पोरगा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला होता. तिच्यापुढं दोन्ही पंजे पसरून म्हणाला होता, “मॅडम, बघा की. कोरडे!” तिनं ते हात आपल्या हातांत घेतले होते. तिचेही डोळे भरून आले होते. आणि घाम नसला तर काय होतं, हे बाटलीवरचं बारीक अक्षर गावात कुणी वाचलं असेल तर तिनं. बोलायला लागली तेव्हा तिला हे आठवलं नव्हतं, अगदी खरं. पण आता आठवलं. लख्ख आठवलं.

तिनं खाली बघितलं. मुरारीचा मोडलेला हात भलत्याच दिशेला वळला होता. उजवा हात अजून तिघांनी दाबून धरलेला होता, सोडला नव्हता. एक डोळा मिटून गेला होता, दुसऱ्यानं तो तिच्याकडं बघत होता. सदबाच्या हातात पुन्हा घण होता. ती जे म्हणेल त्याप्रमाणे तो घण इकडं किंवा तिकडं पडणार होता. न पडता राहणार नव्हता.

“नाही,” पद्मजा म्हणाली. “मला असलं काही आठवत नाही.”

“मॅडम!” यशोधन म्हणाला.

त्यानंतर त्याला काही म्हणता आलं नाही. पहिला घाव सदबानंच घातला, खांद्यावर. मग ज्यांच्या हाती बीडाचे स्टँड आले त्यांनी स्टँडनं, ज्यांच्या हाती काही नव्हतं त्यांनी लाथांनी. पद्मजा मुरारीच्या अंगावर आडवी पडली आणि तिनं त्याचं तोंड पदरात घेतलं. आवाज मात्र तिला अडवता आले नाहीत. आधी ते माणसाचे होते, मग नुसते मारण्याचे राहिले. झेंडूची फुलं तुडवली जाऊन त्यांचा वास सुटला होता.

तालुक्याची पोलीस गाडी आली तोवर खोली रिकामी झाली होती. यशोधन ओट्याखाली पडला होता, आणि त्याचा एक हात पद्मजाच्या पायापाशी आला होता. तिनं तो उचलला. मरणाच्या भीतीनं माणसाला दरदरून घाम फुटतो म्हणतात. त्याचं कपाळ, मान, शर्ट सगळं भिजलं होतं. तळहात तेवढा कोरडा ठणठणीत होता.

*

आठवड्याभरानं खरा मारेकरी सापडला. जयकरचाच ड्रायव्हर. मालकानं चारचौघांत कानाखाली मारली होती, ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. घाटाखाली बहिणीकडं लपला होता, पोलीस दारात येताच स्वतःच घडाघडा बोलला. जांभळ्या पाण्याची गरजही पडली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं पेपरवाल्यांनी छापलं. पण यशोधनला कुणी संन्यासी म्हणावं असंही नाही. ईराप्पाला त्यानंच मारवला होता, लोहाराच्या म्हातारीचा आक्रोश गावानं ऐकला होता. जयकरला मात्र त्यानं मारलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एकीनं दुसरी फिटत नव्हती.

सदबासकट चौदा जणांना धरलं. सरकारनं ‘साक्षी’ दुकानांतून काढून घेतलं. इन्स्पेक्टरनं पद्मजाचा जबाब घेतला, आणि प्रसंग ओळखून हात कोरा कसा हे विचारण्याची तिची हुशारी वाखाणली. “तुमच्यामुळं भाऊ वाचला, मॅडम,” तो म्हणाला. तिनं मान हलवली.

भाऊबीजेला मुरारी आला. डावा हात प्लास्टरमध्ये, भुवईवर टाक्यांची खूण. दवाखान्यातून सुटल्यापासून तो एका मित्राकडं राहत होता, घर लांब पडतं म्हणून. घर काही लांब नव्हतं. पद्मजानं पाट मांडला, रांगोळी काढली, तबक आणलं. त्याला आवडतो म्हणून अनारशांचा घाट घातला होता. तो पाटावर बसला, टोपी घातली. तिनं निरांजन लावलं.

“ताई,” तो म्हणाला, “ते पेढे मीच संपवले होते.”

ती थांबली.

“चार दिवस पुरवून खाल्ले. तू सांगितलं होतंस, इंगवल्यांच्या धाकट्याचे हात बरे झाले, त्याचे आहेत. खूश होतीस तू. मला सगळं आठवतंय.” त्याचा आवाज चढला नाही. “त्यानं तुला विचारलं, तेव्हा तुला आठवलं होतं का?”

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलली होतीच.

“होय,” ती म्हणाली.

“मला वाटलंच. तुझा चेहरा बघत होतो मी.”

“मुऱ्या, तो घण तुझ्या हातावर होता रे. मी काय करायला पाहिजे होतं? तूच सांग.”

“मला नाही माहीत,” तो म्हणाला. “तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण रोज उठून हा हात बघतो तेव्हा तो दिसतो मला. मॅडम म्हणून हाक मारतो.”

पद्मजाचे डोळे वाहायला लागले. तिनं तसंच कुंकवात बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाकडं नेलं. मुरारीनं तो हात मध्येच धरला, चांगल्या हातानं, हळूच. पालथा होता तो उताणा केला आणि निरांजनाच्या उजेडात धरून बराच वेळ बघितला. खंडेनवमीचा रंग केव्हाच गेला होता.

“कोरा आहे गं ताई,” तो म्हणाला, आणि ओवाळून न घेता पाटावरून उठला.